लेप म्हणजे दुरुस्ती नव्हे

जुन्या लष्करी जीपची पेट्रोलची टाकी गळायला लागली की मोहोळ, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या पट्ट्यात हल्ली एकच सल्ला मिळतो. टाकी उतरवा, ॲसिडने धुवा, आत दोन घटकांचा इपॉक्सी लेप ओता, टाकी चहूबाजूंनी फिरवा आणि उन्हात वाळवा, मग तीस वर्षं बघायला नको. हा सल्ला देणारी माणसं अडाणी नाहीत. काहींनी पदरमोड करून अशा गाड्या भंगाराच्या काट्यावरून परत आणल्या आहेत, आणि त्याबद्दल त्यांचं ऋण मानायलाच हवं. पण सल्ला चुकीचा आहे. तो इतक्या ठामपणे दिला जातो की या छंदात नव्याने आलेला माणूस दुसरी वाट आहे का, हे विचारायचंही सोडून देतो. म्हणून हा प्रतिवाद.

माझं म्हणणं असं आहे. टाकी ही पत्र्याची वस्तू आहे आणि तिची दुरुस्ती पत्र्यातच झाली पाहिजे. आत ओतलेला लेप गळती काही काळ थांबवतो, पण गळतीचं कारण जागेवरच ठेवतो. शिवाय उद्या कुणाला ती टाकी नीट दुरुस्त करायची असेल, तर त्याचा रस्ता अडवतो. ज्या उपायाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा, तो आज सगळ्यात आधी केला जातो आहे.

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. दोन्हींची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, फरशीच्या पत्र्यात केलेल्या खोलगट खणात बसते. तिच्यात १५ अमेरिकी गॅलन, म्हणजे साधारण ५७ लिटर पेट्रोल मावतं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे ज्या सीजे-३बी ने पोलीस ठाणी, पंचायत समित्या आणि साखर कारखाने गाठले तिचीही टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच होती. हा खण नीट समजून घेतला नाही तर टाकीचा आजार कळत नाही.

खणात वरून पडलेलं सगळं साठतं. बुटांची माती, कडब्याचा भुसा, वायरचे तुकडे, पावसाचं पाणी. पाणी निघून जावं म्हणून खणाच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पण आपल्याकडची माती काळी आहे. ती भिजली की फुगते, चिकटते आणि ओल धरून ठेवते. शेतकऱ्याला हा तिचा गुण वाटतो, टाकीच्या तळाला तोच गुण नडतो. भोकं एकदा या मातीने बुजली की खण बाराही महिने दमट राहतो. त्यात खंडेनवमीला गाडी धुण्याची आपली रीत. पंप लावून सीटखालपर्यंत पाणी मारतात, वरून पुसतात, हळदकुंकू वाहतात, हार घालतात आणि खणातलं पाणी तिथेच राहतं. टाकी वाजू नये म्हणून कुणी तिच्याखाली गोणपाट घालतं, कुणी जुन्या ट्यूबचे तुकडे. तेही ओल धरतात.

म्हणजे या गाड्यांच्या टाक्यांना तळाशी जी भोकं पडतात, त्यांतली पुष्कळशी बाहेरून आत आलेली असतात. पत्रा खणाच्या बाजूने कुजतो, पातळ होत जातो आणि शेवटी टाचणीच्या टोकाएवढ्या जागी फुटतो. अशा टाकीत आतून लेप ओतला तर नेमकं काय साधतं? बाहेरचा गंज आपलं काम चालूच ठेवतो. वर्षा-दोन वर्षांत त्या जागी पत्रा संपतो आणि पेट्रोल फक्त लेपाच्या पापुद्र्यावर तोललेलं राहतं. सीटखाली, ड्रायव्हरच्या अगदी बुडाशी, ५७ लिटर पेट्रोल. लेपवाल्यांनी या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. गंज बाहेरून लागलेला असताना औषध आतून का? टाकी उतरवून खण खरवडून काढणं, भोकं मोकळी करणं, खणाला आणि टाकीच्या तळाला बाहेरून रंग देणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचं काम. पण त्याची बाटली विकत मिळत नाही, म्हणून त्याची शिफारसही कुणी करत नाही.

आता आतल्या बाजूचं पाहू. त्या काळच्या टाक्यांसाठी साधा काळा पत्रा वापरत नसत. शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवलेला पत्रा वापरण्याची पद्धत होती. आपल्या घरातल्या पितळी भांड्यांना कल्हई करतात, त्याच जातीची ही प्रक्रिया, फक्त इथे शिशाचं प्रमाण मोठं. या थराचे दोन फायदे. पेट्रोलमध्ये तो टिकतो, आणि त्यावर झाळ उत्तम बसते. ऐंशी वर्षांनंतरही अनेक टाक्यांच्या आतल्या वरच्या भागात हा करडा थर शाबूत सापडतो. गंज असतो तो तळाशी, शिवणींत आणि तोंडाच्या आसपास.

अशा टाकीत शौचालय धुण्याचं ॲसिड ओततात तेव्हा ॲसिडला गंज कोणता आणि चांगला पत्रा कोणता हे कळत नाही. ते उघड्या पोलादावर तुटून पडतं आणि मूळ थरालाही कुरतडतं. त्याहून वाईट म्हणजे टाकीच्या आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे स्पॉट वेल्डिंगने बसवलेले असतात. पडदा आणि पत्रा यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ॲसिड शिरतं. वरून कितीही पाणी मारा, सोडा मारा, फटीतलं ॲसिड बाहेर येत नाही. त्यावर लेप ओतला की ते आत कोंडलं जातं आणि झाकणाखाली शांतपणे पत्रा खात बसतं. काही महिन्यांनी लेपाला फोड आले की लेप हलक्या प्रतीचा होता असं म्हणतात. लेपाचा दोष नसतो, तो ज्यावर ओतला त्या पत्र्याची तयारीच झालेली नसते.

गंज काढण्याच्या सौम्य रीती आहेत. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालून टाकी भरून ठेवली, रोज तपासली, तर गंज सुटतो आणि चांगल्या धातूला फारसा धक्का लागत नाही. दुसरी रीत विजेची. धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकीत भरायचं, तोंडातून साधी लोखंडी सळई आत सोडायची, ती टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही, आणि बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला, धन तार सळईला जोडायची. पाण्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि विडी-काडीपासून लांब करायचं. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. तिसरी रीत तर आपल्या मोहोळ तालुक्याच्या नाकासमोर आहे. उसाची मळी नऊ-दहा पट पाण्यात घालून गंजलेलं लोखंड दोन-तीन आठवडे बुडवून ठेवलं की गंज निघतो, आणि जगभरचे जुन्या गाड्या जपणारे लोक ही पद्धत वापरतात. टाकळी सिकंदरचा भीमा, अनगरचा लोकनेते, वटवट्याचा जकराया असे कारखाने असलेल्या तालुक्यात ती कुणी करून पाहत नाही, याला एक रास्त कारणही आहे : मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, ती परवान्याशिवाय बादलीने आणता येत नाही. तेव्हा लिंबूसत्त्व बरं. वेळ लागतो, आणि जिने ऐंशी वर्षं काढली त्या टाकीला पंधरा दिवस देता येतात.

लेपाचे समर्थक म्हणतील, ठीक आहे, आम्ही तयारी नीट करू, मग तर चालेल? नीट तयारी केलेल्या, पूर्ण कोरड्या, तेलाचा अंश नसलेल्या साध्या डब्याच्या आकाराच्या टाकीत चांगला इपॉक्सी टिकतो, हे मी नाकारत नाही. जीपची टाकी तशी नाही. तिच्यात पडदे आहेत आणि पडद्यांमागे काय झालं हे तोंडातून दिसत नाही. टाकी फिरवताना लेप एका कोपऱ्यात साठतो, दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचतच नाही. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड, हवा घेणारी बारीक वाट, पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या सेंडर युनिटची जागा, यांतलं काहीतरी बुजतं. हवेची वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पंप पेट्रोल ओढू शकत नाही आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मग कार्बोरेटर उघडतात, पंप बदलतात, कॉइल बदलतात.

सगळ्यात मोठं नुकसान निचऱ्याच्या बुचाचं होतं. लष्कराने या टाकीच्या तळाला बूच दिलं, ते उगाच दिलेलं नाही. पाणी आणि गाळ पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतात, बूच उघडून काढून टाकता येतात. डॅशजवळच्या गाळणीलाही निचऱ्याची सोय होती. अमेरिकी सैन्याची १९४४ ची टीएम ९-८०३ ही पुस्तिका म्हणजे या गाडीची पोथी, आणि ती वाचली की कळतं की ही गाडी बनवणाऱ्यांनी टाकीचं आयुष्य सतत तपासण्यावर, निचऱ्यावर आणि साफसफाईवर सोपवलं होतं. टाकीत पाणी येणारच, हे धरून चालून त्यांनी ते काढून टाकायची सोय केली. लेप ओतला की त्या बुचाचे आटे चिकटतात, किंवा बुचाभोवती लेपाची मेर तयार होऊन पाणी तिच्यामागे अडतं. म्हणजे गंज टाळण्याचं जे साधन गाडीबरोबर आलं होतं, तेच आपण गंज टाळण्याच्या नावाखाली बंद करतो.

मग करायचं काय? रेडिएटर झाळणाऱ्याकडे जायचं.

मोहोळसारख्या महामार्गावरच्या गावांत आणि सोलापुरात एकेकाळी हे कारागीर हमखास भेटत. त्यांच्याकडे पाण्याचा हौद असतो. सगळी तोंडं बंद करून आत हलकी हवा भरायची, टाकी हौदात बुडवायची, बुडबुडा जिथून येईल तिथे खूण करायची. खुणेची जागा खरवडून पांढरी करायची, जस्त खाऊ घातलेलं ॲसिड लावायचं, कथलाचा हात फिरवायचा आणि मग झाळ भरायची. भोक मोठं असेल तर कथील चढवलेल्या पत्र्याचं ठिगळ. शेवटी गरम पाण्याने भरपूर धुवायचं, कारण उरलेलं ॲसिड नव्याने गंज आणतं. कथील-शिशाची झाळ १८०-१९० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून पत्रा वाकडा होत नाही आणि आजूबाजूचा मूळ थर जळत नाही. उद्या शेजारी दुसरं भोक पडलं तर तिथेही झाळता येतं. तीस वर्षांनी तिसऱ्या माणसालाही झाळता येतं. लेप दिलेल्या टाकीला हे भाग्य नाही. बाहेरून उष्णता दिली की आतला लेप करपतो, सुटतो, त्याचे पापुद्रे पेट्रोलमध्ये तरंगू लागतात आणि नळीच्या तोंडाशी अडकतात. एकदा लेप दिला की पुढची प्रत्येक दुरुस्ती लेपानेच करावी लागते.

हौदाच्या परीक्षेबद्दल एक इशारा. टायरचा कॉम्प्रेसर टाकीला थेट जोडू नका. पंचेचाळीस बाय चाळीस सेंटीमीटरच्या पत्र्यावर नुसता दोन पौंडांचा दाब दिला तरी त्यावर एकूण अडीचशे किलोचा भार येतो. सायकलचा हातपंप पुरतो.

इथे लेपाच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि त्याला वजनदारच उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, टाकीला आगीजवळ नेलं की माणसं मरतात, लेपाला आग लागत नाही, म्हणून लेप सुरक्षित. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो. ५७ लिटरच्या रिकाम्या टाकीत ही खालची मर्यादा गाठायला चहाचा एक चमचा पेट्रोल पुरतं. भरलेली टाकी पेटते, रिकामी टाकी फुटते. गॅस वेल्डिंगची ज्योत लावण्याआधी टाकी तासभर उन्हात उघडी ठेवली एवढ्यावर निर्धास्त राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. शिवणींत आणि पडद्यांच्या फटींत मुरलेलं पेट्रोल थंड असताना वास देत नाही, पत्रा तापला की बाहेर येतं.

ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा धूर टाकीत भरला की आतली हवा मरते, असंही सांगितलं जातं. हे तर सरळ धोकादायक आहे. डिझेल इंजिन रिकामं चालताना गरजेपेक्षा किती तरी जास्त हवा ओढतं, त्यामुळे त्याच्या धुरात सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन शिल्लक असतो. साध्या हवेत एकवीस टक्के असतो. एवढ्या फरकाने स्फोट टळत नाही.

पण यातून लेप सुरक्षित ठरत नाही. लेप देण्याआधीही टाकी धुवावी लागते, तिथेही तीच वाफ असते, वर ॲसिडचा धूर आणि द्रावकांची वाफ, तीही पेट घेणारी. सुरक्षितता येते ती धुण्याने. आधी पेट्रोल पूर्ण काढायचं, मग कॉस्टिक सोड्याच्या किंवा साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळायचं, मग वाफेवर धरायचं, आणि झाळताना टाकीत पाणी भरून फक्त दुरुस्तीच्या जागेखाली थोडी मोकळी जागा ठेवायची. ज्योत वापरायची नाही. भट्टीत तापवलेलं तांब्याचं जड टोक वापरायचं, आणि तेही वाफ पेटवू शकतं हे लक्षात ठेवून धुण्यात कसूर करायची नाही. जुन्या टाकीच्या तळातला चिकट गाळ उघड्या हाताने काढू नये. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० ला बंद झालं, त्याआधी चाललेल्या टाक्यांच्या गाळात शिशाचे अंश असतात. हे सगळं ज्याला जमणार नाही त्याने टाकीला हात लावू नये, आणि जमणाऱ्याला पुरेसे पैसे द्यावेत. अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरमुळे या कारागिरांचं काम आधीच सुटत चाललं आहे. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनीही त्यांच्याकडे पाठ फिरवली तर पुढच्या पिढीत झाळणारा हात मिळणार नाही.

आपला सोलापूर जिल्हा कोरडा, इथे टाकीत दव धरून पाणी कुठून येणार, असं काही जण म्हणतात. याउलट काही जण सांगतात की अर्धी टाकी रिकामी ठेवली की रात्रीच्या दवाने तिच्यात पेलाभर पाणी साठतं. दोन्हींत हिशोब चुकतो. तीस अंशांच्या अगदी दमट हवेत घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाणी असतं. ५७ लिटरच्या पूर्ण रिकाम्या टाकीतली सगळी हवा पिळली तरी दोन ग्रॅमसुद्धा पाणी निघणार नाही. तेव्हा टाकीत पाणी दिसलं तर ते दवाचं म्हणून सोडून देऊ नका. झाकणाचं वॉशर बघा, सेंडरखालचं गॅस्केट बघा, धुताना पाणी कुठे मारता ते बघा. पण ते दोन ग्रॅमही तळाशी एकाच जागी बसून राहतात, आणि एका भोकाला तेवढं पाणी पुष्कळ होतं. पुन्हा बुचाकडेच यावं लागतं.

आता इथेनॉल. या विषयावर मोहोळमध्ये बोलताना माणूस दहा वेळा विचार करतो, कारण उसाच्या बिलावर इथल्या निम्म्या घरांचं गणित चालतं. लेपवाल्यांचा हल्लीचा हुकमी युक्तिवाद असा : ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या टाक्या खातं, म्हणून लेप आता सक्तीचाच समजा. तर दुसरीकडे, इथेनॉलने काहीही होत नाही, हा सगळा अपप्रचार आहे, असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं ही कालची गोष्ट नाही. २००१ मध्ये जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत आपल्या राज्यातले मिरज आणि मनमाड होते. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आलं, जून २०२२ मध्ये देश दहा टक्क्यांवर पोहोचला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी झालं, म्हणजे भरलेल्या जीपच्या टाकीत पाव लिटरच्या थोडं वर, की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी उतरतं आणि वर नुसतं पेट्रोल राहतं. मिश्रणात इथेनॉल जास्त असेल तर ही मर्यादा वर सरकते, कमी होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण एकदा थर वेगळे झाले की तळाचा थर पोलादाला बाधतो, आणि गाडी सहा-सहा महिने उभी असेल तर त्याला भरपूर वेळ मिळतो. शिवाय इथेनॉल जुना चिकट थर सोडवतं, जुनं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं, आणि त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं. हे खोटं म्हणणाऱ्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचा पंप उघडून डायाफ्राम बघावा.

मात्र यावरून लेप सक्तीचा ठरतो का? उलट आहे. द्रावकात विरघळवून बनवलेले जुन्या जातीचे एकघटकी लेप इथेनॉलपुढेच मऊ पडतात. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी ओतलेला लेप आता ई-२० मध्ये सालपटासारखा सुटतो आणि गाडीचा सध्याचा मालक इथेनॉलला शिव्या देतो. नवे इपॉक्सी टिकतात म्हणतात, टिकतही असतील. पण इथेनॉलचं प्रमाण उद्या काय असेल याची खात्री कोण देणार? उसाचं धोरण बदलेल तसं पेट्रोल बदलत जाईल. शिसं-कथलाचा थर आणि त्यावरची झाळ उघडून तपासता येते, पुन्हा करता येते. इथेनॉलच्या काळातल्या टाकीला साधी शिस्त पुरते. गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कोरडी ठेवायची, चालणारी असेल तर महिन्यातून एकदा बूच उघडून पेलाभर पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन बघायचं. रबराच्या नळ्या आणि डायाफ्राम इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे बसवायचे. हे बदल दिसत नाहीत आणि मूळ गाडीचं काही बिघडवत नाहीत.

काही जण म्हणतात, टाकीचं आतलं कोण बघतं, तिथे मूळपणा कशाला जपायचा. जीपीडब्ल्यूच्या सुट्या भागांवर फोर्डने आपलं एफ हे अक्षर ठोकलं होतं. बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ते सापडतं. गाडी कोणत्या कारखान्यातून निघाली, कोणता भाग मागाहून लागला, लष्कराच्या कोणत्या वर्कशॉपमध्ये कोणत्या पद्धतीचं ठिगळ बसलं, हे सगळं या पत्र्यावर लिहिलेलं असतं. लेप देण्याआधी टाकी बाहेरून घासून, पुट्टी भरून, जाड रंग मारून गुळगुळीत करतात, तेव्हा हा मजकूर पुसला जातो.

आणि आपल्या भागाला या मजकुराचं अगत्य जास्त असायला हवं. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवरची कारवाई सुरू झाली, तेव्हा मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने नळदुर्गावर चालून गेली आणि पाच दिवसांत निजामाच्या सैन्याने शस्त्रं ठेवली. सोलापूर ते हैदराबाद तीनशे किलोमीटरचा रस्ता, आणि जीपचा एका टाकीतला कागदोपत्री पल्ला ३०० मैल, म्हणजे ४८० किलोमीटर. त्या फौजेची रसद, निरोप आणि अधिकारी कुठल्या वाहनांतून हलले असतील हे सांगायला नको. आज आपल्या भागात उभ्या असलेल्या एखाद्या जीपने तो रस्ता पाहिला होता की नाही, हे ठरवायला तिच्या अंगावरच्या खुणांखेरीज बहुतेक वेळा दुसरा पुरावा नसतो. मूळ कागद लिलावात हरवलेले असतात, नोंदी अर्धवट असतात. ज्या खुणा उरल्या आहेत त्या आपणच घासून टाकायच्या?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात व्हीए ही अक्षरं, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी की वाहन मूळ रूपात असावं, चॅसिस, बॉडी-शेल आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. टाकीचं नाव तिथे नाही. या मोकळिकीचा फायदा घेऊन टाक्या सर्रास बदलल्या, लेपल्या, कापल्या जातात. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, आपल्या ट्यूरिन सनदेत जपणूक, दुरुस्ती आणि पुनर्स्थापना यांत स्पष्ट भेद केला आहे, आणि जितकं मूळ वाचवता येईल तितकं वाचवावं हा त्या सनदेचा गाभा आहे. आपल्याकडे या नोंदणीसाठी गाडी दाखवताना टाकीची जुनी-नवी छायाचित्रं आणि दुरुस्तीची नोंद जोडण्याची पद्धत सुरू झाली पाहिजे. त्यासाठी कायदा बदलायची गरज नाही, मालकांनी स्वतःहून फाईलला लावली तरी चालेल.

लेप कुठेच नको, असं मी म्हणत नाही. तळाचा पत्रा इतका पातळ झाला असेल की खरवडताच चाळणी होते, तर झाळही बसणार नाही. तिथेही माझी पहिली पसंती तळ कापून नवा पत्रा बसवण्याला आहे, आणि तेही जमत नसेल तर मापाने नवी टाकी घडवून घेण्याला. मूळ टाकी धुवून, कोरडी करून, आत हलकं तेल फिरवून, चिठ्ठी बांधून वेगळी ठेवा, गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्या. नवी टाकी जस्त चढवलेल्या पत्र्याची मात्र करू नका. आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिनं बसली, आणि डिझेलशी जस्ताची प्रक्रिया होऊन तयार होणारा चिकट थर नोझल बुजवतो. ज्या गाड्या चालवायच्याच नाहीत, नुसत्या उभ्या करायच्या आहेत, त्यांना तर कशाचीच गरज नाही. टाकी रिकामी ठेवा, बूच उघडं ठेवा. मिरवणुकीपुरती किंवा १५ ऑगस्टला झेंड्यापर्यंत चालवायची असेल तर लहान डबा वेगळा, घट्ट बसवून, त्यावरून इंजिन चालवता येतं. नवी टाकी घडवायला नकार देणारा, वेगळा डबा न चालणारा, तळ कापायला कारागीर न मिळालेला आणि तरीही गाडी रोज चालवणारा मालक राहिला, तर त्याने लेप द्यावा. पण आधी बाहेरचा गंज थांबवावा, बूच आणि हवेची वाट मोकळी ठेवावी, कोणता लेप कधी दिला हे टाकीवर रंगाने लिहून ठेवावं, आणि पुढच्या माणसाला ही टाकी कधीही आगीजवळ नेऊ नकोस असं स्पष्ट सांगावं.

लेपाची शिफारस करणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी कुणी टाकी घेऊन आला की बाटली उघडण्याआधी त्याच्या जीपचा खण उघडून बघा, बोटाने माती उकरा आणि भोक आतून पडलं की बाहेरून ते त्याला दाखवा. त्यानंतरही लेपच द्यावा असं वाटलं, तर कारणांसह लिहून द्या. आपण त्या कारणांवर भांडू.